पेटी नको, पगार हवा

दहा पेट्या, दोन-चार जाळीच्या टोप्या, एक धूरदाणी आणि काही दिवसांचे शिबिर. मधमाशीपालनाच्या बहुतेक योजना एवढ्यावर उभ्या असतात. खादी आयोगाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या हनी मिशनमध्येही लाभार्थ्याच्या पदरात साधारण दहा पेट्याच पडतात. घरची शेती आहे, भाऊबंद हाताशी आहेत, अशा माणसाला जोडधंदा म्हणून हे चालून जाते. पण हाच साचा उचलून स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर अशा गंभीर मानसिक आजारातून सावरणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना लावायची भाषा सुरू झाली, की हात आडवा घालावासा वाटतो. हे काम त्यांना जरूर शिकवावे. मात्र ते गटात शिकवावे, पहिल्या महिन्यापासून मजुरी देऊन शिकवावे, आणि पेट्यांची मालकी त्यांच्या गळ्यात बांधू नये.

आधी हिशेब पाहू. सातेरी या देशी मधमाशीची एक पेटी, तीही एका जागी ठेवलेली, चांगल्या भागात वर्षाला पाचेक किलो मध देते असे धरू. दहा पेट्यांचे झाले पन्नास किलो. किलोला पाचशे रुपये भाव मिळाला तर पंचवीस हजार. त्यातून साखर, मेणपत्रे (पोळे बांधायला पाया म्हणून देतात ते मेणाचे पत्रे), बाटल्या आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा करा. महिन्याला दीड हजार उरले तरी पुष्कळ. गोळ्यांना आणि डॉक्टरांकडे जाण्याच्या एसटी भाड्याला ते पुरतील, पोट भरायला पुरणार नाहीत. शिवाय हा पैसा बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळात येतो. आजारपणात शिक्षण तुटलेल्या, घरच्यांच्या जिवावर जगायची लाज मनात घेऊन बसलेल्या मुलाला ऑगस्टमध्ये हातात काहीच मिळत नसेल, तर त्याला आपण धंदा शिकवलेला नाही, आणखी एक अपयश त्याच्या नावावर लिहून ठेवले आहे.

मग हेच काम का? कारण त्याच्या काही अटी या आजारांशी जुळतात, आणि त्या पुष्कळांच्या लक्षात येत नाहीत.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर हे आजार बहुधा सोळा ते पंचविसाच्या दरम्यान डोके वर काढतात. बारावी अर्धवट राहते, आयटीआयची जागा जाते, नोकरीच्या अर्जात तीन-चार वर्षांची पोकळी दिसते आणि समोरचा विचारतो, ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ पेटीपुढे हा प्रश्न येत नाही. रात्रीच्या गोळ्यांमुळे सकाळी जड वाटणाऱ्या माणसाला सातच्या पाळीला उभे करणे कठीण असते. पेटी मात्र ऊन चढल्यावरच उघडायची, नऊ-साडेनऊनंतर. तोवर चारा आणणाऱ्या माशा बाहेर पडलेल्या असतात आणि आत गर्दी कमी असते. गिऱ्हाइकाशी बोलायचे नसते, फोन घ्यायचे नसतात. काम दोघांनी करायचे, पण बोलायचे कमी. आणि या आजारांत आवाज, संशय, उदासी याइतकाच ज्याचा त्रास होतो, पण ज्याबद्दल कमी बोलले जाते, तो लक्ष आणि स्मरणशक्तीचा प्रश्न. त्याला इथे लेखी कार्डाचा आधार देता येतो. एका पेटीला एक कार्ड, कार्डावर पाच रकाने: अंडी दिसली का, राणी दिसली का, पिलांच्या चौकटी (पोळे ज्यात बांधले जाते ती लाकडी चौकट) किती, मधाच्या किती, काही वावगे आहे का.

तपासणी म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एकदा नीट पाहिले पाहिजे. कारण ‘माशांमध्ये रमतो’ अशा गोड वाक्यांनी कामाचे स्वरूपच झाकले जाते. पेटीच्या तोंडासमोर कधी उभे राहायचे नाही, बाजूने किंवा मागून जायचे. धूरदाणीत गोणपाटाचा तुकडा किंवा वाळलेला पाला पेटवून धूर आधी स्वतःच्या तळहातावर घ्यायचा. गरम लागला तर तो माशांनाही भाजतो. दारात दोन-तीन फुंकर, मग मिनिट-दोन मिनिटे थांबायचे. हे थांबणेच नवशिक्याला सगळ्यात जड जाते. वरचे झाकण काढायचे, आतले झाकण पटाशीने सैल करायचे, कडेची चौकट आधी उचलायची, म्हणजे बाकीच्या हलवायला जागा होते. चौकट सरळ वर घ्यायची. तिरकी ओढली तर शेजारच्या पोळ्यावर माशा चिरडतात, आणि चिरडलेल्या माशीतून निघणारा वास बाकीच्यांना डंखाला बोलावतो. सूर्य पाठीमागे ठेवून पोळ्याच्या घरांत पाहिले की तळाशी उभी, तांदळाच्या कणीहून बारीक अंडी दिसतात. अंडी दिसली म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती, तिला शोधत बसायचे कारण नाही. चौकटी होत्या त्याच क्रमाने, त्याच तोंडाने परत ठेवायच्या. सगळे दहा मिनिटांत. जास्त वेळ लागला तर पिले गारठतात, आणि फुलोरा नसलेल्या दिवसांत उघड्या पेटीवर शेजारच्या वसाहतीची लूट पडते.

यात हात थरथरणाऱ्या माणसाचे काय? बायपोलरवरच्या लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट या औषधांनी हात कापतात, काही जुन्या औषधांनी हालचाल ताठर होते. माशांना आजार कळत नाही. त्यांना झटका, उच्छ्वास आणि उग्र वास कळतो. त्यामुळे थरथरणाऱ्या हाताने चौकट हवेत धरून ठेवायची नसते. पेटीच्या कडेला लटकवता येईल असे लोखंडी चौकट-धारक कुठलाही लोहार करून देतो. एकाने उचलायचे, दुसऱ्याने पाहायचे आणि लिहायचे. सुगंधी तेल, अत्तर आणि केळे त्या दिवशी वर्ज्य: इशाऱ्याच्या गंधातला मुख्य घटक केळ्याच्या वासाचाच असतो.

आता औषधांकडे येऊ. मधमाशी प्रशिक्षक औषधांबद्दल बोलत नाही आणि मनोविकारतज्ज्ञाला पेटीची माहिती नसते, त्यामुळे या दोघांच्या मधल्या जागेत धोका बसलेला असतो.

पहिला धोका उन्हाचा. मधाचा मुख्य हंगाम म्हणजे एप्रिल-मे. अंगात पांढरा जाड अंगरखा, हातमोजे, डोक्यावर जाळी. भ्रम-भास कमी करणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी शरीराची तापमान सांभाळायची यंत्रणा मंदावते. जोडीला त्यांचा ताठरपणा कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तर घामही कमी येतो. अशा माणसाला उष्माघात लवकर होतो आणि घाम नसल्याने शेजारच्याला तो कळत नाही. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातली लिथियमची पातळी चढते. उलट्या, जुलाब, पाय लटपटणे, हात नेहमीपेक्षा जोरात कापणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच काम थांबवून दवाखाना गाठायचा. म्हणून हंगामात अकरानंतर पेटी नको, अर्ध्या तासाला सावली आणि पाणी, आणि हे फळ्यावर लिहिलेले. ‘तहान लागली की पी’ म्हणून भागत नाही. ज्यांना क्लोरप्रोमाझिन हे अँटिसायकोटिक आहे त्यांची त्वचा उन्हाने चटकन भाजते. आणि खाली वाकून पेटी तपासल्यावर एकदम उभे राहिले की चक्कर येणे हे यातल्या कितीतरी औषधांचे नेहमीचे दुखणे आहे. पेट्या कमरेच्या उंचीच्या स्टँडवर ठेवल्या की ते बरेच टळते. तसेही मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचेच असतात.

दुसरा धोका डंखाचा. डंख लागला की नखाने किंवा पटाशीने तो लगेच खरवडून काढायचा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. जागेवर सूज आणि खाज हे सगळ्यांनाच होते. त्यावर ठणक्याच्या गोळ्या वाटायची सवय मात्र मोडली पाहिजे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या लिथियमवरच्या माणसाने वारंवार घेतल्या तर लिथियमची पातळी वाढते. पॅरासिटामॉल चालते. झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी आधीच गुंगी आणणाऱ्या औषधांवर पडली की माणूस दुपारभर आडवा.

खरा प्रश्न डंखाने येणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीचा, म्हणजे अ‍ॅनाफायलॅक्सिसचा. अंगभर पित्त उठणे, आवाज बसणे, श्वास लागणे, गळून पडणे. अशा वेळी मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे एकास हजार द्रावणाचे अर्धा मिलिलिटर, हेच पहिले औषध आहे. पण हातांची थरथर किंवा पायांची बेचैनी कमी करायला ज्याला प्रोप्रॅनोलॉल दिले आहे, त्याच्यात अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि प्रतिक्रिया जास्त चिवट होते. काही अँटिसायकोटिक औषधांच्या माहितीपत्रकांतही अ‍ॅड्रेनालिनबद्दल इशारा असतो. अशा प्रसंगी अ‍ॅड्रेनालिन टाळावे असा याचा अर्थ मुळीच नाही. पण प्रोप्रॅनोलॉल बदलता येईल का, हे प्रशिक्षणाआधी त्या मुलाच्या डॉक्टरांनी ठरवायला हवे, चालू औषधांची नावे असलेले कार्ड त्याच्या खिशात हवे, आणि आरोग्य केंद्र किती मिनिटांवर आहे हे जागा निवडतानाच मोजायला हवे. १०८ ला फोन लागत नाही अशा दरीत मधुवन, म्हणजे पेट्या ठेवायची जागा, कितीही देखणे असले तरी या कामाला निरुपयोगी. पूर्वी कधी डंखाने अंगभर त्रास झालेला असेल तर त्या माणसाला पेटीपाशी न्यायचेच नाही. त्याच्यासाठी सुतारकाम आणि बाटल्या भरायचे काम आहे.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, न लाजता. काहींना पंख्याच्या, नळाच्या सलग आवाजाबरोबर माणसांचे आवाज ऐकू येतात. पेटीची गुणगुण त्यांना कशी वाटेल हे आधी सांगता येत नाही. लांब बसवून, बंद पेटीपाशी, पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. अंगावर किडे फिरतात असा भ्रम ज्याला होऊन गेला आहे, त्याला मात्र या धंद्यात आणू नये. यात कसला अपमान नाही, उंचीची भीती असलेल्याला आपण माडावर चढवत नाही.

माशी कुठली हा प्रश्नही इथेच सुटतो. मेलिफेरा ही परदेशी माशी जास्त मध देते हे खरे, पण तिचा धंदा फिरता आहे. सूर्यफुलाकडून कांदा बियाण्याकडे, तिथून आणखी कुठे, आणि पेट्या हलवायच्या त्या रात्री, माशा परतल्यावर दारे बंद करून. रात्रीची जागरणे बायपोलर आजारात उन्मादाची पाळी ओढवून आणू शकतात. एवढ्या एका कारणासाठी फिरती टाळली पाहिजे. शिवाय मेलिफेराच्या अंगावर जगणाऱ्या व्हॅरोआ या बारीक परजीवी कोळ्यासाठी फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल वापरावे लागते; अशी रसायने जितकी कमी तितके बरे, आणि असतील तर कुलपात. सातेरी या कोळ्याशी जुळवून घेऊन असते. सह्याद्रीतली तीच जुनी रहिवासी, जांभूळ-हिरड्यावर पोसलेली. महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचे मध संचालनालय आहे, शेजारचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सातेरी शिकवू शकणारी माणसे आपल्याकडे आहेत. तिचे दोष दोन: ती चटकन पेटी सोडून उठून जाते, आणि थायी सॅकब्रूड या विषाणूने १९९० च्या दशकात दक्षिण भारतातल्या तिच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर बुडवल्या होत्या.

उठून जाण्याचा मुद्दा वरवर तांत्रिक वाटतो, पण पेटी-वाटपाच्या विरोधातले सगळ्यात बळकट कारण तोच आहे. नवी राणी अंड्यापासून बाहेर पडायला साधारण सोळा दिवस लागतात; राणीघर आठव्या-नवव्या दिवशी बंद होते आणि हवा चांगली असेल तर जुनी राणी त्याच सुमाराला थवा घेऊन निघते. म्हणून हंगामात दर सात दिवसांनी पेटी पाहावीच लागते. आता ज्याच्या नावावर पेट्या आहेत त्याचा आजार उलटला, तीन आठवडे तो रुग्णालयात किंवा नुसता अंथरुणात आहे. तो परत येतो तेव्हा चार पेट्या रिकाम्या, दोनांत मेणकिड्याने पोळ्यांचे जाळे केलेले. नैराश्यातून नुकते बाहेर आलेले मन याचा अर्थ काय लावते हे वेगळे सांगायला नको. गटात काम असेल तर पेटीवर क्रमांक असतो, नाव नसते. फळ्यावर जोडी बदलते, तपासणी चुकत नाही, आणि परत आलेला माणूस कार्ड वाचून पुढच्या रकान्यात लिहायला लागतो. वसाहत उठलीच तर कार्डावर कारण सापडते: मुंग्या, उपासमार, वारंवार उघडणे. दोष माणसाकडून कारणाकडे सरकतो.

जाणत्यांचा एक आक्षेप असा, की हे सगळे आधी ‘उपचार’ म्हणून करावे, मजुरीचे नंतर पाहू. आमचे मत नेमके उलटे आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढे आलेल्या आधारासह रोजगाराच्या पद्धतीत माणसाला वर्षानुवर्षे पूर्वतयारीत न बसवता त्याच्या पसंतीच्या खऱ्या नोकरीत लवकर लावतात आणि मदत नोकरीच्या जागीच चालू ठेवतात. अनेक देशांतल्या नियंत्रित चाचण्यांत जुन्या ‘आधी प्रशिक्षण, मग नोकरी’ या क्रमापेक्षा तिचे निकाल सरस आले आहेत. आपल्याकडे मात्र कागदी पिशव्या, पणत्या आणि अगरबत्त्या यांत लोकांची तारुण्ये संपतात. त्या यादीत आता मधाची भर नको. ज्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचे आहे त्याला तिथेच मदत करावी, माशा दाखवू नयेत. आणि मजुरीचा प्रश्न सौजन्याचा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २० सांगते की मानसिक आरोग्य आस्थापनेत, म्हणजे उपचाराच्या ठिकाणी, कोणाला काम करायची सक्ती करता येणार नाही, आणि काम केले तर योग्य मोबदला मिळाला पाहिजे. डंखाच्या विषाने नैराश्य बरे होते असे सांगणारेही भेटतात; त्यांना आवारात घेऊ नये.

मग पगार कुठून? नुसत्या मधातून नाही, हे वरच्या हिशेबात दिसलेच. शंभर पेट्यांच्या आसपासचा गट हवा, आणि मधाखेरीज तीन उत्पन्ने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वसाहतींचे विभाजन करून नव्या वसाहती विकणे. कांदा बियाणे, डाळिंब, सूर्यफूल करणाऱ्या जवळच्या शेतकऱ्यांना परागीकरणासाठी पेट्या भाड्याने देणे. ने-आण गाडीवाल्याने करायची, आणि फवारणीचे दिवस आधी कळवायची अट लेखी, नाहीतर एका सकाळी अंगणात मेलेल्या माशांचा सडा. तिसरे पावसाळ्यातले सुतारकाम. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर पेटी उघडायला उसंत मिळत नाही. साखर आणि पाणी समभाग करून संध्याकाळी आत ठेवायचा पाक, दार अरुंद करणे, झाकणांची गळती पाहणे, एवढेच बाहेरचे काम. बाकी वेळ चौकटी जोडणे, त्यांत तार ओवून ताणणे, मेणपत्रा बसवणे. मापात मिलिमीटरची चूक चालत नाही: दोन पोळ्यांमधली माशीची वाट सातेरीसाठी जेमतेम आठ मिलिमीटर, ती वाढली की माशा मध्येच आडवी पोळी बांधतात आणि चौकट निघत नाही. हे सगळे जमूनही पहिली दोन-तीन वर्षे मजुरीतला मोठा भाग बाहेरूनच द्यावा लागेल. योजना आखणाऱ्यांनी पेट्यांच्या संख्येआधी हा आकडा लिहावा. तो लिहायची तयारी नसेल तर सुरू करू नये.

मधाचेही तसेच. तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय चौकट मधयंत्रात घालायची नाही. ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की मध आंबतो आणि अन्नसुरक्षेच्या मानकातही बसत नाही. बाटलीवर ‘मनोरुग्णांनी बनवलेला’ असे छापून दयेवर विकू नये. चांगला जांभळाचा मध त्याच्या कडवट चवीवर विकला जातो. उद्‌घाटनाच्या फोटोंबाबतही संयम हवा: उपचार घेणाऱ्याची छायाचित्रे त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास याच कायद्याचे कलम २४ मनाई करते.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार एकवीस प्रकारांत आहे आणि चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र असेल तर सवलती मिळतात. पण विशीतली कितीतरी मुले, मुली तर जास्तच, ते प्रमाणपत्र काढतच नाहीत. लग्नाच्या बैठकीत ते कोणाच्या हाती लागेल ही भीती घरच्यांना असते, आणि ती अगदीच निराधार नाही. प्रशिक्षणाला प्रमाणपत्राची अट घातली तर ज्यांना अजून कामाला लागता येण्यासारखे आहे तेच आधी गळतील. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे, औषधांची यादी असलेले एक पत्र पुरेसे धरावे. तसेही पेटीपाशी लागते ते तेच.